लेक पळते चांगली. पुढं काय? (निवासी केंद्र, दहावी, नोकरी वगैरे)

फलटणचा_वाहक | रविवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी एसटीत वाहक. थोरली पोरगी सातवीत, वय साडेबारा. यंदा शालेय स्पर्धेत १४ वर्षांखालच्या गटात ६०० मीटर पळाली. तालुक्यात पहिली, जिल्ह्यात पहिली, विभागात दुसरी. जिल्ह्याला सरांच्या घड्याळावर १ मिनिट ४८ सेकंद लागले. पायात कॅनव्हासचे बूट, डाव्याचा अंगठा बाहेर आलेला. विभागाला गेलो तेव्हा तिनं सिंथेटिक ट्रॅक पहिल्यांदा बघितला. खाली बसून त्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "पप्पा, हे तर रबर आहे."

शाळेतले सर म्हणतात, क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांना बसवा. निवड झाली तर राहणं, खाणं, शाळा, कोच सगळं सरकारचं. माझी आई म्हणते, एवढीशी पोर होस्टेलात टाकायची नाही. बायको दोघांच्या मध्ये. आणि मी फलटण-पुणे गाडीत तिकिटं काढता काढता सुट्टे पैसे द्यायला विसरतोय, इतका विचार चाललाय.

आमच्या शेजारच्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकची फायनल पळाल्या, म्हणून इकडं प्रत्येक पळणाऱ्या पोरीचं नाव 'ललिता' पडतं. मला ऑलिम्पिक नको. पळण्याच्या जोरावर पोटापाण्याचं काही होतं का, आणि नाही झालं तर तिचं शिक्षण किती बुडतं, हे कुणी अनुभवी माणसानं सांगावं.


शिट्टी | सोमवार, सकाळी ६:०५

वाहकदादा, मी ३१ वर्षं शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालो. सकाळी सहाला उठायची खोड गेली नाही, म्हणून पहिला नंबर माझा.

चाचण्यांचं आधी सांगतो. लहान गटाला नऊ प्रकार घेतात: उंची, वजन, ३० मीटर फ्लाइंग स्टार्ट (आधीच पळत येऊन), उभ्यानं लांब उडी, जागेवरून उंच उडी, मेडिसिन बॉल (जड चेंडू) फेक, १० मीटरच्या सहा फेऱ्यांचा शटल रन, पुढं वाकणं आणि ८०० मीटर. शेवटच्यात तुमची पोरगी सगळ्यांना मागं टाकेल. मेडिसिन बॉलला मात्र किरकोळ अंगाची पोरं मार खातात. घरी एक किलो वाळूची पिशवी शिवून महिनाभर फेकायला लावा, तंत्र बसतं.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. दार आत्ताच बंद होतंय असं कुणी सांगत असेल तर घाबरू नका. पुढं राज्य-राष्ट्रीय कामगिरीवर सरळ प्रवेश असतो, कौशल्य चाचणीही असते, आणि ती १९ वर्षांखालच्यांसाठी. म्हणजे तुमच्या हातात चार-पाच वर्षं आहेत.

आता कागद. खेळाच्या शिड्या दोन आहेत. एक शालेय, क्रीडा कार्यालयाची: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय. दुसरी खेळाच्या संघटनेची, अजिंक्यपद स्पर्धांची. दोन्हीकडं खेळवा आणि प्रत्येक प्रमाणपत्र त्याच आठवड्यात फाइलला लावा. जन्मतारीख शाळेत आणि जन्मदाखल्यावर एकच आहे ना, हे आजच बघा. आपल्याकडं गुरुजींनी १ जून टाकलेली अर्धी पिढी आहे. पुढं कुणी हरकत घेतली, वय ठरवायला मनगटाचा एक्स-रे काढायची वेळ आली, तर पळणं राहतं बाजूला आणि हेलपाटे सुरू होतात.

आणि ते १ मिनिट ४८. सरांचं घड्याळ म्हणजे बोटाचं घड्याळ. ते नेहमी थोडं उदार असतं. आम्ही सगळेच उदार होतो.


कट्टर_पुणेरी | सोमवार, सकाळी ९:४०

शिकवा, इंग्रजी पक्कं करा, संध्याकाळी पळू दे. भारतात क्रिकेट सोडून खेळात करिअर नसतं. कटू आहे पण खरं आहे.


रुळावरचा | सोमवार, दुपारी १:१५

कट्टरभाऊ, हा प्रतिसाद मी क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळात लागलेल्या नोकरीच्या डबा खायच्या सुट्टीत लिहितोय.

मी वेटलिफ्टर. रेल्वेत क्रीडा कोट्यातून लागलो, तिकीट तपासनीस. राष्ट्रीय स्पर्धेत एकदा चौथा आलो, पदक कधीच नाही. पण आंतरविद्यापीठ स्पर्धेत चांगलं केलं होतं आणि ट्रायलच्या दिवशी माझी क्लीन अँड जर्क (वजन आधी खांद्यावर, मग डोक्यावर) बसली. त्या एका लिफ्टवर घर चाललंय.

पॅरिस ऑलिम्पिकला नेमबाजीत, ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलेला स्वप्नील कुसळेही आमच्याच मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला होता, २०१५ साली. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी त्याचं गाव. २००९ मध्ये वडिलांनी त्याला क्रीडा प्रबोधिनीत घातलं, पदक आलं १ ऑगस्ट २०२४ ला. मोजा: १५ वर्षं. त्यातली नऊ नोकरी लागल्यानंतरची. नोकरी मिळाल्यावर खेळ संपतो असं घरचे म्हणतात ना, त्याचं उलटं झालं. पगार सुरू झाला, कर्जाचा विचार डोक्यातून गेला, मग हात स्थिर झाला. (हे शेवटचं माझं मत. त्याला विचारलेलं नाही.)

वाहकदादा, कोट्याचं गणित साधं आहे. रेल्वेत खालच्या पदांना दहावी-बारावी लागते, वरच्यांना पदवी. माझ्याबरोबर ट्रायल दिलेला एक पोरगा माझ्यापेक्षा आठ किलो जास्त उचलायचा. बारावीत इंग्रजी राहिलेलं. तो अजून गावाकडं जिममध्ये ट्रेनर आहे. बाकी तुम्ही समजून घ्या.


फलटणचा_वाहक | सोमवार, रात्री १०:५०

शिट्टी सर, जन्मतारीख तपासली. १ जून नाही, पण शाळेत १२ आणि दाखल्यावर २१. आकडे उलटे पडलेत! उद्याच मुख्याध्यापकांकडं जातो. हा एक प्रतिसाद मिळाला तरी धागा वसूल.


पाचवी_लेन | मंगळवार, रात्री १२:३०

मी सहसा लिहीत नाही. पण साडेबारा वर्षं वाचलं आणि झोप आली नाही.

मी ८०० मीटर पळायचे. तेराव्या वर्षी एका निवासी केंद्रात गेले. कुठलं ते सांगत नाही. पावणेपाचला शिट्टी, सव्वापाचला मैदान, मग शाळा, परत चारला मैदान. घरी फोन शनिवारी, रांगेत उभं राहून. पहिले सहा महिने मी रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडले, आणि तरी सांगते, ती चार वर्षं मला परत मिळाली तर मी परत जाईन. मैत्रिणी तिथल्याच. स्वतःचे कपडे धुणं, एकटीनं रेल्वेचा प्रवास, हरल्यावर दुसऱ्या दिवशी परत उठणं, सगळं तिथं शिकले.

पण दर जूनमध्ये नोटीस बोर्डवर यादी लागायची. कामगिरी घसरली त्यांची नावं. ती मुलगी दुपारपर्यंत ट्रंक बांधून व्हरांड्यात बसलेली असायची, वडील यायची वाट बघत. तिच्याशी काय बोलायचं हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून आम्ही त्या बाजूनं जाणंच टाळायचो.

सतराव्या वर्षी माझं नाव लागलं. नडगीत बारीक फ्रॅक्चर. सहा महिने दुखत होतं. मी सांगितलं नाही, कारण सांगितलं की यादी. कोच वाईट नव्हते. ३० मुलं, एक कोच, आणि त्यांच्या डोक्यावर पदकांचा हिशोब.

आता मी बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) करतेय. काका, पाठवायचं असेल तर पाठवा, पण जाण्याआधी तिला एक वाक्य घरातल्या सगळ्यांसमोर सांगा: "परत आलीस तरी घर तुझंच आहे." मला ते कुणी सांगितलं नव्हतं. मी ट्रंक घेऊन उतरले तेव्हा गावात लपून लपून घरी गेले.


नडगी | मंगळवार, सकाळी ८:१०

पाचवी_लेन, दंडवत. माझ्या आयडीचं नाव तुझ्या दुखण्यावरूनच पडलंय म्हण ना. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि दर सीझनला अशा दहा नडग्या बघते.

वाहकदादा, तुमच्या धाग्यात सगळे नोकरीवर बोलताहेत, मी शरीरावर बोलते.

मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात झपाट्यानं वाढते, मुलांची चौदाच्या आसपास. त्यामुळं १४ खालच्या गटात जी मुलगी आधी वाढली ती जिंकते. तिची टांग लांब झालेली असते, बाकीच्यांची व्हायची असते. ही फसवणूक नाही, पण हा पुरावाही नाही. उलट बाजूही तितकीच खरी: तुमची लेक किरकोळ, अजून न वाढलेली असून जिंकत असेल तर तिच्यात वेगळं काही आहे. म्हणून घरात दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं खूण करा, दर तीन महिन्यांनी. रेघांमधलं अंतर अचानक वाढलं की समजा झपाट्याची वाढ सुरू झाली. त्या काळात हाडं पुढं जातात, स्नायू मागून येतात. गुडघ्याखाली, टाचेत दुखतं. तेव्हा उड्या आणि डांबरी रस्त्यावरचं पळणं कमी. मुरमाचं मैदान, बांधाची माती चालेल.

पाळी सुरू झाली की पुष्कळींची वेळ काही काळ सुधारत नाही, कधी मागंही जाते. नेमकी ह्याच टप्प्यावर पोरी खेळ सोडतात, कारण कोच म्हणतो "वजन कमी कर" आणि पोरगी जेवण सोडते. जेवण सोडलं की पाळी बंद, पाळी बंद झाली की हाडं ठिसूळ. पाचवी_लेनचं तसंच झालं असेल असं मी म्हणत नाही, पण मी विचारलं असतं. तीन महिने पाळी चुकली तर डॉक्टर. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. भाकरी, शेंगदाणे, अंडी, दूध, हिरवी भाजी पोटभर. पावडरचे डबे नकोत. नाडा (पायजम्याची नव्हे, उत्तेजक चाचणीवाली) ज्युनिअर पोरांचीही लघवी तपासते, आणि गावातल्या जिमच्या डब्यात काय असतं ते डब्यावर लिहिलेलं नसतं.


लाल_माती | मंगळवार, दुपारी ३:००

मी जुना पैलवान, आता पोलीस खात्यात. हेल्सिंकीत १९५२ ला पदक आणणारे खाशाबा जाधव आमचे दैवत. त्यांना पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले, हे आम्हाला तालमीत पहिल्या दिवशी सांगतात. पुढचं सांगत नाहीत. पदकानंतर तीन वर्षांनी, १९५५ ला, ते पोलिसात फौजदार झाले. ऑलिम्पिक पदकवाल्याला पण पोट होतंच की.

आता बरं आहे. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेले विजय चौधरी थेट पोलीस उपअधीक्षक झाले. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे; जितकं पद वरचं तितकी स्पर्धा मोठी लागते. पण आमच्या तालमीत आम्ही २२ जण होतो. खात्यात तिघं. चौघं गाडी चालवतात. एक सरपंच. बाकी शेती आणि गुडघेदुखी.

आरक्षणाचं प्रमाणपत्र पडताळून घ्यावं लागतं, आणि ते जाहिरात निघायच्या आधी करून ठेवा. मी जाहिरात आल्यावर धावलो. दोन प्रमाणपत्रांपैकी एक स्पर्धा मान्यच नव्हती, आयोजकानं छापलेला कागद नुसता. मधल्या काळात बोगस प्रमाणपत्रं इतकी निघाली की खऱ्या खेळाडूलाही आता चोरासारखं उभं करतात. एक वर्ष गेलं माझं.


धनुष्यवाली_आई | मंगळवार, रात्री ९:३०

वाचतेय सगळं. पण शिट्टी सर, "चार-पाच वर्षं आहेत" हे प्रत्येक खेळाला लागू नाही बरं का. आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये कंपाउंड (दोन्ही टोकांना चाकं असलेलं धनुष्य) तिरंदाजीत १७ व्या वर्षी जगज्जेती झाली, त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे. अदितीचे वडील शिक्षक. गाव सोडून साताऱ्यात राहायला आले ते लेकीच्या सरावासाठी. कोच पोलीस शिपाई, सराव उसाच्या रानात. तिनं पंधराव्या वर्षी धनुष्य उचललं असतं तर सतराव्या वर्षी जगज्जेती झाली असती का?

माझा मुलगा कंपाउंडच मारतो. धनुष्य अडीच लाखांच्या घरात, सोनं मोडलं. लोक विचारायचे, ऑलिम्पिकमध्ये नाही तो प्रकार कशाला? आता २०२८ ला लॉस एंजलिसमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा येतेय. तेच लोक आता बाण केवढ्याला पडतो विचारतात.


शिट्टी | बुधवार, सकाळी ५:५५

ताई, अगदी कबूल. मीच अर्धवट लिहिलं.

मी खेळांचे दोन ढीग करतो. एक हातांचे खेळ: नेमबाजी, धनुर्विद्या, जिम्नॅस्टिक्स, बॅडमिंटन. तिथं हात लहानपणीच वळवावा लागतो. दुसरे फुप्फुसांचे: लांब पल्ल्याचं पळणं, नौकानयन, सायकल. तिथं उशीर चालतो, कधी उशीरच बरा.

बघा ना. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर फौजेत गेला, सियाचीनला राहून आला, आणि २०१५ मध्ये विशीत फौजेच्या क्रॉस कंट्री शर्यतीत उतरला. २०२२ च्या राष्ट्रकुलात स्टीपलचेसचं (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत ३००० मीटर) सुवर्ण ०.०५ सेकंदानं हुकलं, आणि तेही केनियाच्या माणसाला घाम फोडून. चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ आधी वडिलांबरोबर विहिरी खोदायचा. सैन्यात जाईपर्यंत वल्हं हातात धरलेलं नव्हतं. २०१६ ला रिओत तेरावा. आणि वाहकदादा, तुमच्या ललिता बाबर स्टीपलचेसकडं वळल्या त्या २०१४ च्या सुमारास, पंचविशीत. त्याआधी मुंबई मॅरेथॉन मारायच्या. रिओला हीटमध्ये ९:१९.७६, राष्ट्रीय विक्रम, फायनलला दहाव्या. पी. टी. उषांच्या १९८४ नंतर ट्रॅकच्या फायनलला गेलेली पहिली भारतीय बाई.

तिघांपैकी एकानंही बाराव्या वर्षी हा खेळ केलेला नव्हता. पण तिघंही खेड्यात, रानात वाढलेले. तुमची पोरगी आत्ता ६०० पळते म्हणून ती ६०० ची धावपटू ठरत नाही. तिला खो-खो खेळू द्या, कबड्डी खेळू द्या, लांब उडी मारू द्या. आठवड्यात पळण्याचे तीन दिवस खूप झाले. बाराव्या वर्षी रोज स्पर्धेसारखं पळवलेल्या माझ्या चांगल्या चांगल्या पोरी पंधराव्या वर्षी मैदानाकडं बघेनात. त्यात चूक माझीच होती, म्हणून इतकं लांबण लावलं.


ओहायोतला_बाळ्या | बुधवार, संध्याकाळी ७:१०

अवांतर, पण नोंद असू द्या. इकडे अमेरिकेत विद्यापीठं पळण्यावर शिष्यवृत्ती देतात. आपला उंच उडीवाला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटला असाच शिकला आणि शिकता शिकता कॉलेजांचं राष्ट्रीय विजेतेपद दोनदा जिंकला. कॉलेजांच्या खेळांच्या तीन श्रेण्या असतात; डिव्हिजन एक आणि दोनला शिष्यवृत्ती असते, तीनला खेळासाठी नसते. इलेक्ट्रॉनिक वेळा, नववीपासूनचे मार्क आणि इंग्रजी लागतं. एजंट पैसे मागेल, त्याला देऊ नका. कोचला सरळ ईमेल करायची.


कट्टर_पुणेरी | बुधवार, रात्री ८:००

इंग्रजी पक्कं करा असं मी सोमवारीच म्हणालो होतो, एवढंच नोंदवतो.

(रुळावरचा यांचा प्रतिसाद वाचून माझं पहिलं वाक्य मागं घेतो. दुसरं नाही.)


रुळावरचा | बुधवार, रात्री ८:२०

कट्टरभाऊ, पुण्याहून माघार! धाग्याला शतकी शुभेच्छा.

वाहकदादा, एक राहिलं. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झाली तर खेळाडूला महिन्याला १०,००० हातखर्च मिळतो, शिवाय प्रशिक्षण. पण ती निवड राष्ट्रीय पातळीवरच्या कामगिरीवर. आत्ता ते डोक्यात ठेवू नका, नाहीतर घरात पोरीच्या वेळेचं आणि हप्त्याचं गणित एका वहीत येतं. आमच्या घरी आलं होतं.


फलटणचा_वाहक | रविवार, रात्री १०:१५

आठवडा झाला, सगळ्यांचे प्रतिसाद बायकोला वाचून दाखवले. पाचवी_लेन यांचा वाचताना आई मागं येऊन कधी बसली कळलं नाही. ती काही बोलली नाही. उठून गेली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "त्या पोरीचा पाय आता बरा हाय का, विचार."

ठरलं ते असं. चाचण्यांना बसवणार, कारण पोरीलाच बसायचंय. वाळूची पिशवी शिवून झालीय आणि धाकटा ती फेकून शेजारच्यांची कौलं फोडायच्या बेतात आहे. निवड झाली तरी यंदा पाठवणार नाही. आठवी-नववी इथंच, सरांकडं आठवड्यात तीन दिवस, बाकी खो-खो. पंधराव्या वर्षी तिनं स्वतः मागितलं तर सरळ प्रवेशाचं बघू. जन्मतारखेचा अर्ज दिलाय. क्लार्क म्हणाला पंधरा दिवस, म्हणजे दोन महिने धरतो. दाराच्या चौकटीवर पहिली रेघ मारली, १४३ सेंटिमीटर. नडगीताई, वर्गात ती उंचीनं शेवटून तिसरी आहे.

पाचवी_लेन, आईचा प्रश्न वर लिहिलाय, उत्तर द्या. आणि कुणाकडं साडेतीन नंबरचे वापरलेले स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) असतील तर विपू (खासगी निरोप) करा. फलटण-पुणे गाडीत मीच असतो, हातोहात घेतो.


पाचवी_लेन | रविवार, रात्री १०:४०

आजींना सांगा, पाय बरा आहे. पावसाळ्यात थोडा ठणकतो.

माझे चार नंबरचे आहेत, तेराव्या वर्षीचे. पुढं कापूस घातला तर वर्षभर निघतील. मंगळवारी स्वारगेटला कितीला असता?